ओटिलीचं यीस्ट आणि बुर्गलचं तोंड

बुर्गलचे हात भारी आणि तोंड त्याहून भारी. म्युनिकच्या जत्रेतल्या तंबूत ती दोन्ही हातांत मिळून दहा दहा मोठे मग धरून गर्दी फोडत जायची, आणि वाटेत कुणी आडवा आला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. बिअर मात्र थेंबभर सांडायची नाही. पूर्ण नाव वाल्बुर्गा, पण आमच्या श्टाइनरॉइथ गावात ते नाव फक्त पाद्रीबाबा घेतात, तेही चिडले तरच.

शाळा तिने पंधराव्या वर्षी सोडली. बाकावर बसलं की पायांना मुंग्या यायच्या. आई म्हणाली, "आता काय करणार?" ही म्हणाली, "चालणार." आणि खरंच चालत सुटली. आधी म्युनिक. तिथे हेलेस नावाची बिअर वाहिली. पिवळीधमक, मऊ, घशातून कधी उतरली ते कळत नाही अशी. म्हातारे कोपऱ्यात बसून डुंकेल मागायचे, ती तपकिरी, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी. पानगळीच्या दिवसांत मेर्त्सेन. मार्चमध्ये करून ठेवायची, उन्हाळाभर थंड तळघरात निजवायची आणि तंबूत उघडायची. गोडसर लागते म्हणून नवखे भसाभस ढोसतात आणि संध्याकाळी बाकाखाली सापडतात. अशांना बुर्गलने पायाला धरून बाहेर ओढलंय.

मग एका ट्रक ड्रायव्हरच्या मागे ती डॉर्टमुंडला गेली. डेटलेफ नाव त्याचं. माणूस वाईट नव्हता, पण पिल्स प्यायचा. पिल्स कडू असते, त्याला कुणाची हरकत नाही. पण हा फेसाचा तुरा नीट चढेपर्यंत ग्लासकडे एकटक बघत बसायचा, आणि तिच्याकडे बघायला त्याला वेळ मिळायचा नाही. तिथल्या पोलादाच्या भट्टीवरच्या म्हाताऱ्या कामगारांना मात्र एक्सपोर्ट नावाची जुनी जाडजूड बिअरच लागायची. बुर्गलला ते म्हातारे आवडायचे, डेटलेफ नाही. सोडला त्याला. मग बाम्बेर्ग. तिथे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं सातू, सुकवतात. पहिला घोट घेतला की वाटतं कुणी ग्लासात भाजलेलं डुकराचं मांस बुडवून काढलंय. तिसऱ्या ग्लासाला माणूस म्हणतो, हे आधी का नाही सांगितलं? उपासाच्या दिवसांत ती बॉक वाहायची. नावाचा अर्थ बोकड, आणि धडकही तशीच. खरं तर ती आइनबेक गावची, पण म्युनिकवाल्यांच्या तोंडात ते नाव बसेना. ते बोलता बोलता गावाचा बोकड करून मोकळे झाले. त्यांच्याच सोयीने चालायचं सगळं.

एवढं सगळं वाहून वाहून बुर्गल पन्नाशी ओलांडून घरी आली. आणि आल्या आल्या घाण केली.

आमच्या ओबरफाल्त्स भागात अख्ख्या गावाचं एकच ब्रूहाऊस असतं, बिअरचा काढा शिजवायची सामायिक जागा. ज्याचा नंबर असेल त्याने लाकडं आणायची, तिथे माल्टाचा गोड काढा शिजवायचा, थंड झाला की आपल्या तळघरात न्यायचा, आणि तिथे यीस्ट घालून बिअर करायची. तयार झाली की घराबाहेर बांबूवर सहा टोकांची चांदणी टांगायची. चांदणी दिसली की कुणीही थेट आत शिरतो, बैठकीत बाकावर बसतो आणि आपला रिकामा मग भरायला पुढे करतो. त्या बिअरला त्सॉइगल म्हणतात. बास. तिला दुसरं नाव नाही. आणि ती कितीही चांगली झाली तरी तारीफ एकच, "चालतंय." त्याच्यापुढे कुणी गेला तर लोकांना वाटतं, याला काहीतरी विकायचंय.

तर बुर्गल परत आली त्याच आठवड्यात ओटिलीकडे चांदणी लागली होती. ओटिली म्हणजे समोरच्या चढावरच्या घरातली, बुर्गलची लहानपणची मैत्रीण. दोघींनी मिळून शाळेची काच फोडलेली. बैठक खचाखच भरलेली. बुर्गलने मग उचलला, अर्धा एका दमात संपवला, टेबलावर आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली,

"अगं ओटिली! असली हेलेस मी म्युनिकमध्येसुद्धा प्यायले नाही गं!"

बैठकीत उचललेले मग हातातच राहिले. सख्ख्या पोराला शेजाऱ्याच्या पोराच्या नावाने हाक मारावी, तसं झालं. बुर्गलच्या मते तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी तारीफ केली होती. ओटिलीने तिच्या पुढचा अर्धा भरलेला मग उचलून आत नेला. तेव्हापासून दोघी बोलेनाशा झाल्या. रस्त्यात समोर आल्या तर एक गटारीकडे बघायची, दुसरी आभाळाकडे.

बुर्गलच्या घरी बिअर करायचा तिचा भाऊ आल्बान. पण त्याने साठीत लग्न केलं. पलीकडच्या गावातली विधवा, तिचं स्वतःचं तळघर, आणि म्हणे आपल्यापेक्षा थंड. जाताना त्याने टाकी घासून दिली आणि बहिणीला म्हणाला, "आता तू कर. आमच्या घराची चांदणी अडगळीत पडली तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"माझं तोंड बघायला तुला वेळ कुठाय आता!" बुर्गल म्हणाली. पण तो गेल्यावर घासलेली टाकी तिने पुन्हा एकदा घासली.

कारण गावात आधीच कुजबुज सुरू होती. वाहणारी बाई करणार काय? हिच्याकडे आता कुठली कुठली बिअर मिळणार? आज म्युनिक, उद्या डॉर्टमुंड. आल्बानच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसणारे म्हातारे आले आणि एक एक मग पिऊन गप निघून गेले, तर? श्टाइनरॉइथमध्ये कुणी तोंडावर शिवी देत नाही. फक्त दुसऱ्यांदा येत नाहीत. बुर्गलला आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी टिकायचं होतं, आणि ते या टाकीवर अवलंबून होतं.

फेब्रुवारीत तिचा नंबर लागला. ब्रूहाऊस सांभाळणारे हार्टलकाका पहाटेच चूल पेटवून बसलेले. दिवसभर बुर्गलने लाकडं रेटली, कढई ढवळली, कडूपणासाठी हॉप्सची फुलं टाकली. घामाने निथळली तरी बसली नाही. काढा वाहून नेणारा ट्रॅक्टरवाला कोर्बिनियान दाराशी उभा राहून सॉसेज खात होता.

"काय गं बुर्गल, यात धूर घालणार की बोकड?"

"तुला घालते. बस आत."

हार्टलकाका हसले, मग हळूच म्हणाले, "यीस्टचं काय केलंस?"

बुर्गल कढई जोरजोरात ढवळायला लागली.

यीस्ट म्हणजे विरजणासारखं. ज्याने आधी बिअर केली त्याच्या टाकीच्या तळाशी ते बसलेलं असतं, ताजं, जिवंत. पुढच्याने जायचं, बादली भरून मागून आणायचं. आपलं हे यीस्ट थंडीत काम करणारं, तळाशी बसून सावकाश. म्हणून तर बिअर महिनाभर निजवावी लागते. त्या निजवण्यालाच लागर म्हणतात. आणि बुर्गलच्या आधीचा नंबर होता ओटिलीचा.

"शहरातल्या बिअर कंपनीतून आणते," बुर्गल म्हणाली.

"आण की. ते पिल्सवालं यीस्ट आहे. बिअर होईल. पण टेबलावरच्या म्हाताऱ्यांना पहिल्या घोटाला कळेल." काकांनी चुलीत लाकूड सारलं. "आपल्या चांदणीची टोकं मोजलीस कधी? आग, पाणी, हवा. मग माल्ट, हॉप्स आणि परत पाणी. यीस्टला टोक नाही. का, माहितीय?"

"जुन्या लोकांना यीस्ट माहितीच नव्हतं, म्हणून."

"ते झालं पुस्तकातलं. माझा बाप म्हणायचा, ते शेजाऱ्याच्या घरात असतं, म्हणून."

संध्याकाळी उकळता काढा माळ्यावरच्या खोलीएवढ्या तांब्याच्या परातीत सोडला. रात्रभर गार वाऱ्यावर निवायचा. सकाळी तो तळघरात जाऊन त्यात यीस्ट पडलं नाही तर दुसरंच काहीतरी त्यात घर करतं, आणि मग तो डुकरं पण पीत नाहीत.

सकाळी बुर्गलने दुधाचा कॅन उचलला आणि चढ चढून ओटिलीच्या दारात उभी राहिली. दार वाजवलं. ओटिली बाहेर आली, हात पिठाने पांढरे.

"यीस्ट पाहिजे," बुर्गल म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बोलायची ठरवलेली चार वाक्यं चढावरच सांडली होती.

"शहरात पाकिटात मिळतं. हेलेसचं."

"अगं, तारीफ केली होती मी तुझी!"

"तारीफ?" ओटिलीचा आवाज चढला. "तू बोलून मोकळी झालीस. पुढचा अख्खा हिवाळा कोण भोगत होतं? तो कोर्बिनियान रोज दारात. 'ओटिलीबाई, एक हेलेस! सोबत पांढरं सॉसेज, गोड मोहरी!' एकाने माझ्या चांदणीच्या बांबूला म्युनिकच्या जत्रेतला निळापांढरा झेंडा बांधला. शेतात खत टाकत असले तरी तेच, 'म्युनिकच्या मॅडम, गुड मॉर्निंग!' माझ्या आईच्या हातची बिअर आहे ती. तिच्या आईच्या हातची. आणि लोक तिला हसले, बुर्गल. माझ्या बैठकीत बसून हसले."

बुर्गलला हे काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, ओटिली एका शब्दासाठी फुगलीय. तिचे कान गरम झाले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकतेस कधी? तू ओरडतेस."

आणि दार लागलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? थोडा वेळ थांबून परत दार वाजवलं असतं. बुर्गलने रिकामा कॅन उचलला आणि चढ उतरून थेट ब्रूहाऊसला गेली. तिथे कोर्बिनियान ट्रॅक्टरला गावची टाकी जोडत होता. चारदोन माणसंही जमलेली, कारण बुर्गलचा पहिला काढा कसा जातो ते सगळ्यांना बघायचं होतं.

"ए कोर्बी!"

"बोला, म्युनिकच्या…"

"तोंड बंद! ओटिलीच्या बांबूला झेंडा कुणी बांधला?"

कोर्बिनियान दात काढत म्हणाला, "अगं, ती जुनी गंमत…"

"गंमत? बोलले मी. मी गाढव. हसायचं तर मला हसायचं होतं, माझ्या दारात येऊन. तिच्या बैठकीत बसून, तिचीच बिअर पिऊन तिलाच हसता? लाज नाही वाटत? तिच्या बिअरला पुन्हा कुणी तो शब्द लावला, तर तो माझ्या चांदणीखाली पाय ठेवणार नाही. तू तर नाहीच नाही. आधी तिची माफी माग."

"आणि नाही मागितली तर?"

"तर माझ्या दारात यायचं नाही."

कोर्बिनियानचं तोंड लाल झालं. चारचौघांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्याने टाकीची खीळ काढली, ट्रॅक्टरवर बसला. "मग तुझा काढा डोक्यावरून ने. यायचंच नाही ना दारात!" आणि फटफट करत निघून गेला.

सगळे हार्टलकाकांकडे बघायला लागले. काका टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "शाब्बास बुर्गल. मघाशी फक्त यीस्ट नव्हतं."

"कॅन आहेत ना? भरा."

"कॅनने? अख्खी टाकी?"

"भरा म्हणते!"

आणि तिने खरंच दोन्ही हातांत कॅन धरले आणि चालायला लागली. जत्रेतल्यासारखीच, मान ताठ. हार्टलकाका मागून एक कॅन घेऊन धापा टाकत. तिसऱ्या खेपेला तिचे गुडघे बोलायला लागले, आणि माळ्यावरची परात तर जशीच्या तशी भरलेली दिसत होती. बघणारे हसायचं की मदत करायची ते ठरवत उभे. एकाने शेवटी सिगारेट विझवून कॅन उचलला.

तेवढ्यात चढावरून खडखडाट आला. ओटिलीचा लाकडं ओढायचा जुना ट्रॅक्टर, ज्याचं एक चाक दुसऱ्यापेक्षा नवं. वर ओटिली. पिठाचे हात तसेच. दोन गुडघ्यांमध्ये फडकं बांधलेली बादली घट्ट धरलेली. बुर्गल तिथे काय ओरडली ते तिच्या खिडकीपर्यंत पोचलं होतं. बुर्गलचं ओरडणं पलीकडच्या गावात आल्बानलाही पोचलं असेल.

"मूर्ख बाई!" ओटिली उतरता उतरताच सुरू झाली. "उघड्या कॅनमधून नेतेस? वाटेतली धूळ, कोंबड्या, सगळं त्यात! टाकी जोड. हार्टलकाका, तुम्ही पण? या वयात?"

"मी नाही म्हणालो होतो गं."

"ओटिली…" बुर्गलने सुरुवात केली.

"तू बोलू नकोस. तू बोललीस की काम वाढतं. जोड टाकी."

बुर्गलने टाकी जोडली. दुपारच्या आत सगळा काढा तळघरात होता. ओटिलीने बाही वर सारून त्यात कोपर बुडवलं, लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि मान हलवली. मग बादलीचं फडकं सोडलं. आत घट्ट, पिवळट, सायीसारखं यीस्ट. बुर्गलने बादली तिरकी धरली, ओटिलीने काठीने ढवळलं.

"सावकाश ओत. म्युनिक नाही हे."

"आता कोण म्हणालं म्युनिक?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आधी ओटिलीचं नाक फेंदारलं, मग तिला हसू फुटलं, आणि बुर्गल हसता हसता टाकीला टेकली.

दुसऱ्या दिवसापासून ओटिली रोज यायची. बुर्गलला भेटायला नाही, असं ती स्पष्ट सांगायची. यीस्टला भेटायला. टाकीवर फेस चढला की वाकून बघायची, वास घ्यायची. फेस खाली बसला, बिअर गार होऊन निजायला लागली, तसा बुर्गलचा जीव वरखाली व्हायला लागला. एका जागी एवढा वेळ काहीच न करता थांबायचं तिला ठाऊक नव्हतं. दिवसातून चारदा तळघरात. थोडी काढून बघू? थोडीशीच?

ओटिलीने नळाची चावी काढून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली.

"ओटिली, माझं घर आहे हे!"

"आणि यीस्ट माझं आहे. निजू दे त्याला. तू आयुष्यभर लागर वाहिलीस, ठेवायला कधी शिकली नाहीस."

"कच्ची राहिली तर?"

"उघडलीस तर राहीलच."

शेवटी एका शुक्रवारी ओटिलीने स्वतःच चावी काढून टेबलावर ठेवली. बुर्गलने अडगळीतून चांदणी आणली, पुसली, बांबूवर चढवली. खाली उतरून अंगणात उभी राहिली आणि वाट बघायला लागली. पाच मिनिटं कुणी नाही. मग आल्बानच्या टेबलावरचे म्हातारे एकामागून एक आले, टोप्या खुंटीला लावल्या, आपापल्या जागी बसले. पोरंटोरं आली, बायका आल्या, पलीकडच्या गावातून आल्बान नव्या बायकोला घेऊन आला. थोड्याच वेळात खिडकीच्या कट्ट्यावरही जागा उरली नाही. ओटिली स्वयंपाकघरात लिव्हर सॉसेज आणि काळा पाव कापत होती, आणि चाकू बोथट आहे म्हणून बुर्गलच्या घराला नावं ठेवत होती.

पहिला मग म्हाताऱ्यांपैकी सगळ्यात जुन्याने उचलला. बुर्गल त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. घाटी वर गेली, खाली आली. त्याने मग खाली ठेवला, मिशी पुसली, आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हां, तर काय सांगत होतो, त्या गायीचं…" आणि गायीची गोष्ट पुढे सुरू झाली. बाकीच्यांनीही मग उचलले. गोष्ट संपायच्या आत पाच रिकामे मग टेबलाच्या कडेला सरकले.

बुर्गलला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. मग ती वाहायला लागली.

तेवढ्यात खिडकीबाहेर कोर्बिनियान दिसला. अंगणात उभा, टोपी हातात. आत यायला घाबरत होता आणि जायला मन होत नव्हतं. लोकांनी पाहिलं, एकमेकांना कोपरं मारायला लागले. बुर्गल दाराशी गेली.

"काय?"

"तहान लागलीय," कोर्बिनियान म्हणाला.

"नदी खाली आहे."

"बुर्गल, अगं…"

"मला काय सांगतोस? मी तुझ्यावर रागावलेली नाही. ती आहे." तिने मान मागे वळवली. "ओटिली! आलाय बघ."

ओटिली चाकू घेऊनच बाहेर आली. कोर्बिनियान एक पाऊल मागे सरला. म्हाताऱ्याची गायीची गोष्टसुद्धा थांबली.

"ओटिली," तो टोपी पिळत म्हणाला, "झेंडा मी बांधला होता. वाईट केलं. तुझी त्सॉइगल आहे. दुसरी काही नाही."

ओटिलीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ट्रॅक्टर आणलास?"

"आणलाय."

"मग बाहेर माझी दोन पिंपं आहेत, रिकामी. ती घरी पोचव. मग येऊन वाहायला लाग, हिचे गुडघे दुखतात. सगळ्यांना मिळाली की तुला."

"सगळ्यांना? एवढ्या सगळ्यांना?"

"हो. आणि सांडायची नाही."

बैठकीत एकच हशा उसळला. कोर्बिनियान त्या संध्याकाळी एप्रन बांधून मग वाहत होता, आणि ज्याच्या त्याच्या टेबलावरून हाक यायची, "पोरी, इकडे बघ जरा!" दोन्ही हातांत मिळून त्याला सहासुद्धा धरता येत नव्हते. बुर्गलने त्याला बोटं कशी अडकवायची ते दाखवलं, मग वैतागून त्याच्या हातातले चार स्वतःच घेतले.

रविवारी दुपारी टाकी आटली. आल्बानच्या वेळी सोमवारपर्यंत पुरायची, असं म्हातारे कुरकुरत उठले आणि पुढच्या वेळी जास्त शिजव म्हणून सांगून गेले. बुर्गलने चांदणी उतरवली. आत आली तर ओटिली एकटीच बाकावर बसलेली, बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर. तिच्या पुढे शेवटचा मग.

बुर्गल शेजारी बसली. पायांना मुंग्या आल्या नाहीत.

"प्यायलीस?" तिने विचारलं. "तीन दिवस तू चाखलीसुद्धा नाहीस."

ओटिलीने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. खिडकीबाहेर बघत राहिली.

"माझी याच्यापेक्षा बरी असते."

"असते," बुर्गल म्हणाली.

ओटिलीने चमकून तिच्याकडे पाहिलं. बुर्गल कुणाचं तरी म्हणणं एका शब्दात मान्य करतेय, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने मग दोघींच्या मधोमध सरकवला.

"अर्धी तू पी. आणि तळाचं यीस्ट काढून ठेव. बुधवारी हार्टलकाकांच्या पुतण्याचा नंबर आहे, तो मागायला येईल तुझ्याकडे."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे? बादली स्वच्छ घासून ठेव. आणि तो आला की ओरडू नकोस त्याच्यावर. भित्रा आहे."

बुर्गल ओरडली, "मी कधी ओरडते गं?"

वर माळ्यावरची कबुतरं उडाली. ओटिली हसली, आणि दोघी बादली शोधायला तळघरात उतरल्या.